मांजर, मी आणि अर्धी गोळी

मांजराचे केस आणि मांजराचे किस्से, दोन्हींचं सारखंच. दवाखाना बंद करून घरी यावं, पँट नीट झटकावी, आता काही राहिलं नाही म्हणून खुर्चीत बसावं, तर गुडघ्यापाशी आणखी दोन चिकटलेले असतातच! सेलूतल्या माझ्या एवढ्याशा दवाखान्यात असे किस्से इतके साठलेत की कुठं लग्नाला गेलो तरी पंगतीत पहिला प्रश्न येतो, "काय डॉक्टर, मांजरांचं काय म्हणता?" म्हशींबद्दल कुणी विचारत नाही. मी मूळचा म्हशींचा डॉक्टर आहे, हे आता फक्त म्हशींच्याच लक्षात असावं.

आधी मंडळींची ओळख करून देतो. दवाखान्यात मी आणि माझे कंपाउंडर मुनीरभाई. भिंतीला भिंत लावून गट्टाणी शेठचं मेडिकल, म्हणजे माणसांच्या औषधांचं दुकान. त्यांना गिऱ्हाईक नसलं की ते आमच्याकडे, आम्हाला पेशंट नसला की आम्ही त्यांच्याकडे. बहुतेक वेळ आम्ही तिघं एकत्रच असतो, यावरून दोन्ही धंद्यांची कल्पना यावी.

आता मुद्दा. आमच्याकडे गोळी मोडून खायची पद्धत आहे. धडधाकट गड्याला अख्खी, म्हाताऱ्या माणसाला अर्धी. उरलेली अर्धी कुणी फेकत नाही. ती कागदात गुंडाळून देवळीत जाते, चष्म्याच्या डबीत जाते, नाहीतर पदराच्या गाठीत. मग एक दिवस घरातलं मांजर लंगडायला लागतं किंवा तापानं फणफणतं. माणसाला दया येते आणि पदराची गाठ सुटते. म्हाताऱ्याला अर्धी, मग मांजराला पाव!

माझ्याकडे आलेल्या एकाही मांजराला कुणी वाईट हेतूनं गोळी दिलेली नव्हती. सगळ्यांनी मायेनंच दिली होती. म्हणून तर रागवायचं कुणावर, हेच मला कधी कळत नाही. आम्ही हसतो, पण जीव प्रत्येक वेळी त्या मांजराचा टांगणीला लागलेला असतो.

* * *

शिकत होतो तेव्हा माझं सगळं लक्ष मोठ्या जनावरांवर. मांजराचा तास असला की मी कँटीनमध्ये. सेलूत मांजर घेऊन डॉक्टरकडे कोण येणार, असा माझा दूरदर्शी विचार!

पहिलं मांजर आलं ते कापसाच्या जिनिंगमधून. सरकीच्या ढिगाऱ्यात उंदीर फार, त्यामुळे जिनिंगमध्ये मांजर हे नोकरीलाच असतं. तिथले मॅनेजर भालेराव तिला पिशवीत घालून घेऊन आले. कापसाच्या गाठींवरून पडून ती लंगडत होती, म्हणून भालेरावांनी स्वतःची अंगदुखीची गोळी तिला दिली होती. आता ती लंगडत नव्हती. आता ती रक्ताच्या उलट्या करत होती.

भालेरावांनी तिला टेबलावर ठेवलं. मी सवयीनं मुनीरभाईंना म्हणालो, "पाय बांधा."

भालेराव माझ्याकडे बघायला लागले. मांजरही बघायला लागलं. पुढच्या क्षणी ते पडद्यावर होतं, तिथून औषधांच्या कपाटावर, आणि मी खुर्चीवर. बसलेलो नाही, उभा! मुनीरभाई कुठं दिसेनात.

"मुनीरभाई, पकडा!" मी ओरडलो.

"पकड्या हूं साब!" आवाज बाहेरून आला.

"काय पकडलंय?"

"दरवाजा!"

शेवटी भालेरावांनीच तिला टॉवेलात गुंडाळून खाली आणलं. मी पुस्तक उघडलं. त्या पानाची घडीसुद्धा कधी मोडलेली नव्हती. तिथं साफ लिहिलं होतं की या गोळ्यांनी मांजराच्या पोटात जखमा होतात आणि किडन्या बसतात. सलाईन लावलं, पोटाचं औषध सुरू केलं, मित्रांना फोन केले. चार-पाच दिवस तिला रोज आणायला लावलं. वाचली बिचारी.

शेवटच्या दिवशी भालेरावांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "डॉक्टर, तुमचे लय उपकार झाले. पण एक सांगू का? लंगडणं मात्र त्या गोळीनंच थांबलं बघा!"

* * *

त्यानंतर मी बोर्ड रंगवून घेतला. 'मांजराला माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. अर्धीही नको, पावही नको. जीव जातो.' खाली मांजराचं चित्र काढायला सांगितलं.

आमच्या पेंटरचा हात बसलेला तो ट्रकच्या मागच्या वाघावर. त्यानं मांजर म्हणून जे काही काढलं, त्याला अंगभर पट्टे होते, सुळे होते आणि एक पंजा थेट बघणाऱ्याच्या अंगावर आलेला होता. नुसती शेपूट तेवढी मांजराची वाटत होती.

मी बोर्ड दोन दारांच्या मधोमध लावला. गट्टाणी शेठ लांबून बघून म्हणाले, "अक्षर छान आहे." एवढंच.

मुनीरभाई मात्र बराच वेळ कमरेवर हात ठेवून चित्र बघत राहिले. मग म्हणाले, "साब, इसकू कौन गोळी खिलाएगा?"

* * *

चौधरी सर हे आमच्या गावातले निवृत्त गणिताचे शिक्षक. मलाही त्यांनीच शिकवलं. गणितात मी काय दिवे लावले ते सर आजही चारचौघांत सांगतात.

सरांनी बोर्ड वाचला होता. पण बोर्ड माझा, आणि माझं गणित त्यांना चांगलं माहीत! त्यांच्या बिट्टी मांजरीला ताप आला तेव्हा त्यांनी अर्धी-पाव असला अडाणी हिशेब केला नाही. त्यांनी त्रैराशिक मांडलं. एवढ्या वजनाच्या माणसाला एक गोळी, तर एवढ्या वजनाच्या मांजराला किती? मग तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी आलेखाच्या कागदावर ठेवून ब्लेडनं तिचे मोहरीएवढे तुकडे केले आणि माणसासारखे दिवसातून तीनदा दिले.

बिट्टीला आणलं तेव्हा ती तोंड उघडून श्वास घेत होती. हिरड्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. फार उशीर झाला होता. ती सरांच्या मांडीवरच गेली.

 सरांनी खिशातून तो आलेखाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बघ जरा. कुठल्या पायरीवर चुकलं माझं?"

मी म्हणालो, "सर, पहिल्याच. तुम्ही मांजर म्हणजे लहान माणूस धरलंत."

मग सांगितलं. ही गोळी आपल्या पोटात गेली की आपलं लिव्हर ती मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरला ती मोडायची कलाच नाही. तिचं विष होऊन रक्तात जातं, रक्त तपकिरी पडतं आणि श्वास घेऊनही जिवाला हवा पोचत नाही. तुकडा केवढा हा प्रश्नच नाही, ती गोळीच त्याच्यासाठी नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुझं उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. सगळ्या शाळेत सरांनी माझं एकही उत्तर बरोबर धरलं नव्हतं. हे धरलं, आणि मला अगदी रडू आलं.

* * *

सरांच्या बिट्टीनंतर मी गट्टाणी शेठकडे हट्टच धरला. तापाची नाहीतर दुखण्याची गोळी मागायला कुणी आलं की आधी विचारायचं, "घरात मांजर आहे का?"

शेठ म्हणाले, "डॉक्टर, गिऱ्हाईक पळेल."

"पळू द्या. मांजर जगेल."

शेठ भला माणूस. त्यांनी विचारायला सुरुवात केली. पण ते विचारायचे असे दबकून, मान पुढे काढून, की समोरच्याला वाटायचं हा काहीतरी भलतंच विचारतोय. लोक दचकून इकडंतिकडं बघायचे आणि "नाही, नाही, आमच्याकडं तसलं काही नाही" म्हणायचे.

एकदा मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक हमाल आला. अंगदुखीची एक गोळी मागितली. शेठनी मान पुढे काढून विचारलं, "घरात मांजर आहे का?"

"न्हाई बा."

"नक्की?"

"आईची आन."

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरची पिशवी म्हणाली, "म्यांव!"

हमालानं पिशवीकडे बघितलं, मग शेठकडे, आणि शांतपणे म्हणाला, "घरात न्हाई म्हणलो. पिशवीत हाय."

* * *

मग मला वाटलं, एकेकाला सांगत बसण्यापेक्षा गावंच्या गावं गाठावीत. मला भाषणाची हौस आहे आणि ती भागवायला म्हशींचा उपयोग होत नाही.

चारठाण्याला शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाचं शिबिर होतं. जुन्या देवळाच्या बाजूला मंडप, माइक, समोर माणसं आणि माणसांच्या दुप्पट शेळ्या. लस टोचून झाल्यावर मी माइक घेतला आणि मांजरावर बोलायला लागलो. काय बोललो म्हणता! रक्त कसं काळं पडतं, तोंड कसं सुजतं, जीव कसा तडफडतो, सगळं हातवारे करून सांगितलं. एक शेळी घाबरून उठून गेली.

पहिल्याच रांगेत कौसामावशी बसल्या होत्या. शेळ्या राखणाऱ्या घरातल्या, साठीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा नि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात, तेव्हा घरी त्या, चार शेळ्या आणि ठकी नावाची त्यांची मांजर. माझ्या एकेका वाक्याला त्या मान डोलावत होत्या. भाषण संपल्यावर पहिली टाळी त्यांची. "लय चांगलं सांगितलाव डाक्टर," त्या म्हणाल्या, "आमच्या ठकीच्या कामाचं सांगितलाव."

मी दोन दिवस फुगून हिंडत होतो.

मग तिकडच्या माणसांच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज तापलेला. "अहो, तुम्ही काय सांगून गेलात गावात? लोक तापानं फणफणलेत आणि गोळी घ्यायला तयार नाहीत! एक आजोबा मला काय म्हणाले माहितीय? 'ज्या गोळीनं वाघासारखं मांजर मरतं, ती मला दिवून तुमाला काय करायचंय?'"

पुन्हा गेलो. पुन्हा माइक घेतला. म्हणालो, "मंडळी, माणसाची गोळी माणसाला चालते. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्या."

मागून एकानं हात वर केला. "म्हंजी मागच्या बारीला तुमी खोटं बोललाव?"

* * *

तुम्ही म्हणाल, निदान डॉक्टरच्या घरी तरी सगळं शिस्तीत असेल. तर तेही ऐका.

एका म्हशीनं मला गोठ्याच्या भिंतीशी दाबलं. म्हशीचं काही चुकलं नाही, मीच तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा होतो. पाठ धरली. घरी येऊन दुपारचा पालथा पडलो. बायकोनं दुखण्यावरचं मलम पाठीला चोळलं आणि चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात आमची सोनी आली. ही बायकोची मांजर, मला एरवी विचारत नाही. त्या दिवशी मात्र अलगद माझ्या कमरेवर चढून बसली. मग पाठीला ओलसर, खरखरीत असं काहीतरी लागलं. मला भरून आलं. म्हटलं, मुकं जनावर, पण दुखणं कळतं बघा त्याला!

बायको चहा घेऊन दारात आली आणि किंचाळली, "अहो! ती पाठ चाटायलीय तुमची!"

"चाटू दे गं. माया करायलीय."

"माया काय! मलम चाटायलीय!"

मी उडालो. खरंच उडालो, कारण पाठ पुन्हा धरली. मांजराला मलमही तितकंच वाईट, गोळी पोटात जाते तसंच तेही जिभेवाटे पोटात जातं. हे मी किती जणांना सांगितलं असेल! बायकोनं सोनीचं तोंड पुसलं, मी वाकडा होऊन सोनीच्या हिरड्या बघत बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे टक लावून होतो. नशीब, एकदाच जीभ लागली होती. काही झालं नाही. पण ते तीन-चार तास मला फार जड गेले, आणि चौधरी सर त्या दिवशी कसे बसले असतील ते मला तेव्हा कळलं.

बायकोनं काही भांडण केलं नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "बोर्डावर आणखी एक ओळ वाढवा. 'मांजराला डॉक्टरपासून दूर ठेवा.'"

तेव्हापासून पाठीला मलम लावलं की मी ओसरीत आणि सोनी आत, पंख्याखाली.

* * *

आता शेवटचा.

ऊसतोडीचे दिवस होते. सकाळी दवाखाना उघडून आम्ही तिघं नेहमीसारखे गप्पा मारत होतो, तेवढ्यात दारात काळीपिवळी जीप थांबली आणि त्यातून कौसामावशी उतरल्या. डोक्यावर टोपली, टोपलीवर लुगड्याचा तुकडा बांधलेला. चारठाण्याहून एवढ्या लांब त्या एकट्याच आल्या होत्या.

"डाक्टर, ठकीला बगा. कायतरी इपरीत झालंय."

मी तुकडा सोडला. ठकीचं तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं होतं. पंजे सुजलेले. मी ओठ वर केला. हिरड्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या. 

"मावशी, हिला गोळी दिलीत?"

"शेळीनं पाय दिला वं हिच्या पायावर. लय वराडायली. बगवंना मला. मग तापाची गोळी असती ना, ती दिली दुधात."

"अहो, तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात! मी काय सांगितलं होतं?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी येड्यासारखं बोललो. "आता पुरी कुठं दिली? अर्धीच दिली की!"

 दूध सगळं प्याली का विचारलं. नाही, म्हणाल्या, थोडंच चाटलं, मग फेस काढला आणि बशी सांडली. तेवढीच काय ती आशा होती.

ऑक्सिजन समोरच्या लहान मुलांच्या दवाखान्यातून मागवला. आणि या विषावर जो उतारा आहे, तो मिळतो माणसांच्या औषधांतच. खोकल्यासाठी पाण्यात टाकून घेतात ती फसफसणारी गोळी! परभणीला शिकवणाऱ्या माझ्या मित्राला फोन लावला, प्रमाण दोनदा विचारून घेतलं आणि हाक मारली, "शेठ, ती खोकल्याची फसफसणारी गोळी आणा! लवकर!"

शेठ डबी घेऊन धावत आले आणि दारातच थबकले. "डॉक्टर, मांजराला? माणसाची गोळी?"

"आणा हो!"

शेठनी मान वळवून बाहेरच्या बोर्डाकडे बघितलं.

मावशींनीही ऐकलं. त्या टोपली सोडून उठून उभ्या राहिल्या. "ही बी माणसाचीच हाय?"

"हो मावशी, पण ही वेगळी."

"कंदी नका देऊ म्हंताव, कंदी देताव. येकदा काय ते ठरवा बाबा!"

मी गोळी विरघळवली, सिरिंजमध्ये भरली. मुनीरभाईंना म्हणालो, धरा. आणि सांगायला हवं, त्या दिवशी मुनीरभाई दरवाजाबाहेर गेले नाहीत. डोळे गच्च मिटले, तोंडानं काहीतरी पुटपुटत राहिले, पण टॉवेल सोडला नाही. मी सिरिंज गालात घातली. औषध आत गेलं, आणि त्या अर्धमेल्या मांजरानं उरलीसुरली सगळी ताकद एकवटून माझ्या अंगठ्याच्या बुडाला चावा घेतला. असा चावा की दात हाडापर्यंत गेले.

मी ओरडलो. पण मला आनंदही झाला. चावतेय म्हणजे जीव आहे!

दिवसभर तेच चाललं. ठरल्या वेळी औषध, मध्ये ऑक्सिजन, मध्ये हिरड्या बघणं. लहान मुलांचा तो मास्क, त्यावर हसरा ससा, आणि खाली ठकीचं सुजलेलं तोंड. शेठनी दोनदा चहा पाठवला. मी मध्येच जाऊन कुत्र्या-मांजराच्या चाव्याचं इंजेक्शन घेऊन आलो.

मावशी बाकावरून हलल्या नाहीत. दुपारी मी डबा पुढे केला, तर नको म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "जगंल का वं डाक्टर?"

मी खरं ते सांगितलं. "माहीत नाही मावशी."

"लेकरू तिकडं उसात. फोन केला तर दोन गोष्टी बोलतंय आन ठिवतंय, त्येला बी काम आसतं. घरात बोलायला दुसरं कोन हाय मला? हीच हाय." मग त्या पदर तोंडाला लावून बसल्या. "म्याच मारायले बगा तिला. म्याच."

"तुम्ही मायेनं दिलीत," मी म्हणालो.  चौधरी सरांना तर मी तेवढंही म्हणालो नव्हतो.

संध्याकाळी हिरड्यांचा रंग थोडा फिकटल्यासारखा वाटला. मला वाटलं, की मला वाटावंसं वाटतंय म्हणून वाटलं, ते कळेना. मुनीरभाईंना दाखवलं, शेठना दाखवलं. तिघांनी तीन रंग सांगितले. मग माझी बायको आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "गुलाबी व्हायलंय." आम्ही तिघांनी ते मान्य केलं. बायको मावशींना आणि टोपलीला घरी घेऊन गेली. सोनीला त्या दिवशी ओसरीत झोपावं लागलं.

सकाळी मावशी टोपली घेऊन दवाखान्यात आल्या, पण या वेळी टोपलीचा कपडा आतून हलत होता. ठकीला टेबलावर ठेवलं. सूज उतरली होती. ती उभी राहिली, दुखरा पाय उचलून धरला, टेबलाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघून फिस्कारली. मुनीरभाई दोन पावलं मागे सरले, म्हणजे सगळं सुरळीत झालं होतं.

मी मावशींना नीट समजावून सांगितलं. पायाला काय लावायचं, काय नाही लावायचं, पुन्हा कधी आणायचं. दुखण्याची मांजराची वेगळी औषधं असतात, ती आम्ही मोजून देतो, दुसरं काही द्यायचं नाही. मावशी एकेका वाक्याला मान डोलावत होत्या, अगदी शिबिरात डोलावली होती तशीच. शेठही दुकान सोडून ऐकायला उभे होते.

हे सगळं लिहून द्यावं म्हणून मी पेन उचललं आणि ते हातातून गळून पडलं. चावलेला हात रात्रीतून टम्म फुगला होता. बोटं मिटेनात.

"बगू," मावशी म्हणाल्या. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा करून बघितला. "अगं आई! किती सुजलाय वं. लय ठणकत आसंल न्हाई?"

"ठणकतोय जरा."

"आन तसंच दिसभर माज्या ठकीचं करत बसलाव."

त्यांनी हात सोडला. पदराचं टोक पुढे घेतलं, दातांनी गाठ सोडली. आतून कागदाची एक पुडी निघाली. ती त्यांनी माझ्या चांगल्या हातावर उलटी केली. अर्धी गोळी.

"ठकीला दिली त्यातली ऱ्हायलेली," त्या म्हणाल्या. "माज्या गुडघ्यासाठी ठिवली व्हती. ऱ्हाऊ द्या गुडघा. तुमी घ्या."

गट्टाणी शेठ बाहेरच्या बोर्डाकडे बघत होते. ठकी टेबलावरून माझ्याकडे बघत होती.

मुनीरभाईंनी पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर धरला.